उपाशी म्हणजे उपवास नव्हे

परळच्या एखाद्या रुग्णालयात उद्या-परवा तुमच्या माणसाचं ऑपरेशन असेल, तर हे आजच वाचा. शेजारच्या खाटेवरच्यांनाही वाचून दाखवा.

आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडिया, थोडं पलीकडे अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर टाटा. सिंधुदुर्गापासून बिहारपर्यंतची माणसं इथं फुटपाथवर पथारी टाकून तारखेची वाट बघतात. तारीख मिळते, सिस्टर सांगतात, "पेशंटला उपाशी ठेवा." आणि तिथंच घोटाळा होतो. आपल्याला उपाशी म्हटलं की उपवास आठवतो. उपवासाला साबुदाणा चालतो, केळं चालतं, दूध चालतं, चहा तर चालतोच. सकाळी आई लेकराच्या जिभेवर प्रसादाचा पेढा ठेवते. देवाच्या नावाला नाही कसं म्हणायचं? चहावाचून आजोबांचं डोकं धरतं म्हणून नातू अर्धा कटिंग पाजतो. सगळं मायेपोटीच, पण भुलीच्या वेळी हेच जिवावर बेतू शकतं.

जागेपणी घास चुकीच्या वाटेला गेला तर ठसका लागतो आणि तो बाहेर पडतो. पूर्ण भुलीत तो ठसकाच लागत नाही. पोटात अन्न असेल तर ते आंबट पित्तासकट घशाशी येतं आणि थेट फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली बाळंतिणींच्या बाबतीत हे सविस्तर नोंदवून ठेवलं. यंत्रं कितीही सुधारली, तरी आजही यानं जीव जाऊ शकतो.

एरवी धडधाकट असलेल्या माणसासाठी सर्वसाधारण हिशेब असा: तळलेलं, मटण-मच्छी यांना ८ तास. हलकं खाणं, वरचं दूध आणि दुधाचा चहा यांना ६. अंगावरच्या दुधाला ४. नुसत्या पाण्याला २. मधुमेही, गरोदर बाई, आतड्याला अडथळा असलेला रुग्ण यांचा हिशेब वेगळा असू शकतो, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या भूलतज्ज्ञांचा. उगाच जास्त उपाशी ठेवणंही वाईटच, तान्ह्यांना तर फारच. ऑपरेशनची यादी लांबली तर गप्प बसू नका; "पाणी पाजू का?" असं विचारा.

आता एक नवी गोष्ट. वजन आणि साखर उतरवणारी, आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे झपाट्यानं पसरली आहेत. त्यांनी पोट सावकाश रिकामं होतं. नियमाप्रमाणे उपाशी राहूनही आत अन्न उरू शकतं. संकोचापोटी घरच्यांपासून ती लपवणारे आहेत. घरच्यांपासून हवं तर लपवा, भूलतज्ज्ञांपासून नको. आपल्या मनानं ती बंदही करू नका, आधी विचारा. तंबाखू, दारू, गावठी औषध, हलणारा दात, मागच्या भुलीच्या वेळी झालेला त्रास, हेही सांगून टाका.

लोक का लपवतात, तेही मला कळतं. ओरडा खायची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती तारीख जाण्याची. महिन्यानं मिळालेली तारीख एका पेढ्यापायी गेली तर गावाला परतायचं कसं, पुन्हा यायचं कशाच्या जोरावर? म्हणून रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे: जो खरं सांगेल त्याला रांगेच्या शेवटी ढकलू नका, जवळातली जवळची तारीख द्या. खरं बोलण्याची शिक्षा झाली, की पुढचा माणूस खोटं बोलणारच. आणि 'उपाशी' एवढाच शब्द टाकून निघून जाऊ नका. काय नको, किती वाजल्यापासून नको, ते रुग्णाच्या भाषेत सांगा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली दिलेल्या ऑपरेशनपूर्व तपासयादीत पोटातलं फुप्फुसात जाण्याच्या धोक्याचा प्रश्न आहे. भूल देण्याआधी तो खरोखर तोंडानं विचारला जाऊ दे, नुसती खूण नको.

नातेवाइकांनो, प्रसाद पुडीत बांधून उशाशी ठेवा, डॉक्टरांनी खायला परवानगी दिली की द्या. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एका कागदावर लिहा: शेवटचं काय खाल्लं, काय प्यायलं, किती वाजता, कोणती औषधं चालू आहेत. सकाळी थिएटरच्या दाराशी तो कागद भूलतज्ज्ञांच्या हातात द्या. लिहिल्यानंतर एक घोट जरी पोटात गेला असेल, तरी तोही सांगा.