सेज घेणाऱ्यांनो, जरा ऐका

तुम्ही व्हॅलोरंट खेळता. एजंट निवडायची वेळ आली की बाकीचे जेट आणि रेना घेऊन मोकळे होतात. मग कोणीतरी म्हणतं, "तू सेज घे ना." तुम्ही घेता. पाच जणांत कोणीतरी घ्यायलाच हवी ना.

मीही अशीच सेजपाशी आले. भाच्याच्या टीममध्ये एक जण कमी होता, म्हणून त्याने मला बसवलं. "मावशी, तू फक्त मागे राहा आणि हील दे." हा सल्ला अर्धा चुकीचा आहे, हे कळायला मला दोन महिने लागले.

मागे राहा, पण फार मागे नको. दोन नंबरला राहा. पुढचा माणूस कोपरा वळला की त्याच्यापासून चार पावलांवर असा. त्याला गोळी लागली तर तुमचं हील पोहोचेल. तो पडलाच, तर मारणारा तुमच्यासमोर उघडा असेल. तेव्हा हातात बंदूक हवी. हीलचा गोळा धरलेला असताना गोळी झाडता येत नाही. निम्म्या सेज इथेच मरतात.

म्हणून हील देताना आधी आडोसा बघा. जखमी माणसालाच तुमच्याकडे बोलवा, तुम्ही धावत जाऊ नका. हील एकदा दिलं की पुढचं 45 सेकंदांनी मिळतं. त्यामुळे 100 पैकी 85 हेल्थ असलेला "हील, हील" म्हणून ओरडत असेल तर त्याला खुशाल थांबवा. आणि हीलने हेल्थ भरते, शील्ड नाही. हे त्यालाही सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता भिंत. तिच्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण माझी खरी फजिती तिनेच केली.

हेवनच्या मॅपवर आम्ही सी साइट राखत होतो. समोरून पावलं ऐकू आली. मी घाबरून लाँगच्या तोंडावर भिंत उभी केली. आमचाच एक पोरगा पलीकडे राहिला. हेडफोनमधून त्याचा आवाज आला, "मावशी, दार उघड!" दार कुठलं उघडणार? सेजची भिंत सेजलाही खाली घेता येत नाही, फोडावी लागते. आम्ही फोडेपर्यंत तो गेला होता. भाचा अजून ती गोष्ट जेवताना काढतो.

तेव्हा भिंत टाकण्याआधी छोट्या नकाशावर एक नजर टाका. आपलं कोणी पलीकडे नाही ना? मग माइकवर सांगा, "भिंत टाकतेय." एवढं पुरतं.

भिंत लवकर टाका. ती उभी राहते तेव्हा कच्ची असते, काही सेकंदांनी पक्की होते. समोरचे अंगावर आल्यावर टाकलीत तर लगेच फुटते. आणि ती फोडताना आवाज होतोच. तो आवाज झाला की ते कुठे आहेत हे तुम्हाला बसल्या जागी कळलं. राउंड 100 सेकंदांचा असतो. त्यातले त्यांचे दहा-पंधरा भिंतीपाशी गेले, तर ती रक्कम तुमच्या खात्यात जमा. हल्ला तुमचा असेल तर उलटा हिशेब: भिंत वाट अडवायला नाही, आडोशाला वापरा. आइसबॉक्सच्या बी साइटवर भिंतीच्या आडोशाने स्पाइक लावतात, ते एकदा कोणाकडून तरी बघून घ्या.

पैशांचं बघा. पहिल्या राउंडला 800 क्रेडिट मिळतात. भिंत 400 ची, हील फुकट. सगळे पैसे सामानावर घालून शील्डशिवाय उभे राहू नका. भिंत आणि हलकं शील्ड घेतलं तर बरोबर 800 होतात. मला हेच बरं वाटतं, भाच्याला नाही.

मेलेल्याला उठवता येतं, तिथेही घाई नको. तो पडला त्याच जागी उठतो, आणि ज्याने मारलं त्याची बंदूक बहुधा अजून तिथेच रोखलेली असते. आधी तो कोपरा मोकळा करा. सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला उठवू नका, ज्याची त्या जागी गरज आहे त्याला उठवा.

मॅच संपली की सगळे पाटीवर किल बघतात. तुमचे नऊ, जेटचे बावीस. लगेच कोणीतरी टोमणा मारतो. तुमच्या भिंतीने किती जणांना अडवलं, हे त्या पाटीवर दिसत नाही. रँक मुख्यतः जिंकण्या-हरण्यावर वर-खाली होते, हे लक्षात ठेवा आणि पुढच्या मॅचला लागा. तरीही शिव्या चालू राहिल्या तर म्यूट करा. वाद घालू नका, त्यात तुमचाच नेम बिघडतो.

मुलींना एक वेगळं सांगते. माइकवर तुमचा आवाज ऐकला की "तू सेजच घे" म्हणणारे भेटतील. आवडत असेल तरच घ्या. नसेल तर न बोलता दुसरा एजंट लॉक करा.

आणि खेळायला बसण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा. रँकची मॅच सहज अर्धा-पाऊण तास चालते आणि मध्ये थांबवता येत नाही. तुम्ही उठलात तर चौघांना एक माणूस कमी पडतो, वर दंड होतो तो वेगळा. गॅसवर दूध ठेवून तर मुळीच बसू नका. माझं दोनदा उतू गेलंय.