औषध कशाचे, हेही विचारावे



गेल्या चातुर्मासाआधी आमच्या मोठ्या वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज एक इंजेक्शन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी डॉक्टरांना विचारले, "हे कशापासून बनते?" औषध हेपारिनवर्गातील होते, मूळ द्रव्य डुकराच्या आतड्याचे. आयुष्यभर कंदमूळ वर्ज्य केलेल्या वहिनींना त्या रात्री झोप लागली नाही.

हेपारिनचा शोध १९१६ चा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात रक्त गोठू न देणारे द्रव्य आढळले. ग्रीक भाषेत 'हेपार' म्हणजे यकृत. नाव त्यावरूनच पडले.

रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांचे मूळ द्रव्य मात्र रासायनिक क्रियेने तयार होते. म्हणून अहिंसेचा प्रश्न संपत नाही. अशा औषधाची पहिली परीक्षा काचनळीत होते. रक्तातील द्रवात औषध मिसळून गुठळी होण्यास किती सेकंद अधिक लागतात, ते मोजतात. पुढची परीक्षा उंदीर व सशांवर होते. त्यांच्या रक्तवाहिनीत मुद्दाम गुठळी घडवून औषध ती रोखते का आणि रक्तस्राव किती वाढतो, हे पाहतात. हा जमाखर्च आपल्यापुढे क्वचितच येतो.

एवढे जीव खर्चूनही खात्री मिळतेच असे नाही. झिमेलागॅट्रान हे गुठळीरोधक औषध प्राणिचाचण्या ओलांडून रुग्णांपर्यंत पोहोचले. परंतु माणसांच्या यकृतास अपाय झाल्याने २००६ मध्ये ते मागे घ्यावे लागले. भारताने २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींवरील व संगणकीय पद्धतींना प्राणिचाचणीचा पर्याय म्हणून स्थान दिले. जीवदयेसाठी सढळ हाताने दान देणाऱ्या आपल्या समाजाने अशा संशोधनालाही हातभार लावावा.

श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. उरलेल्या हिंसेत विवेक व यत्नाचार. तेव्हा शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना औषधाचा उगम विचारावा, पर्याय मागावा. मूत्रपिंड व रक्तस्रावाचा धोका पाहून निर्णय तेच देतील. मनाने औषध बंद करू नये. पायातील गुठळी फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते.

वहिनींना डॉक्टरांनी तपासणीअंती गोळी दिली. "आधीच विचारायला हवे होते," एवढेच त्या म्हणाल्या. चातुर्मासात काठी टेकत का होईना, त्या प्रवचनाला आल्या.