‘कहा-सुना माफ’ असा मेसेज अवेळी आला तर

शबे-बरात जवळ आली की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ‘कहा-सुना माफ करना’चे मेसेज येतात. निम्मे फॉरवर्ड केलेले, कुणी नीट वाचतही नाही. तीन वर्षांपूर्वी दाभोळच्या माझ्या एका बालमित्राने मला तसाच मेसेज पाठवला. पण तेव्हा शाबान नव्हता, आणि तो हजला किंवा उमराहला निघालेला नव्हता. मी पुण्यात ऑफिसात होतो. हात जोडल्याची इमोजी टाकली आणि कामाला लागलो.

रात्री जेवताना खटकलं. आखातातली नोकरी सुटून तो गावी आला होता, डोक्यावर कर्ज होतं. जुम्यालाही दिसेनासा झाला होता. क्रिकेटच्या ग्रुपमधून बाहेर पडला होता आणि जिवापाड जपलेली बॅट पुतण्याला देऊन टाकली होती. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर काहीच नाही. सर्व्हर बंद पडण्याआधी लॉगमध्ये येणाऱ्या वॉर्निंग वाचायचा मला पगार मिळतो. मित्राच्या मात्र वाचल्या नाहीत.

फोन केला. पावसाचं, धोपाव्याच्या फेरीबोटीचं बोलणं झालं. मग सरळ विचारलं, “जीव द्यायचे विचार येतात का तुला?” तो बराच वेळ गप्प होता, मग रडू लागला. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते.

एक चूक मी केलीच. “अरे, हराम आहे हे,” असं बोलून गेलो. तो म्हणाला, “मला माहीत नाही का?” खरंच, ते कुणाला माहीत नसतं? तो शब्द ऐकला की माणूस फक्त लपवायला शिकतो. मग मी नुसतं ऐकत राहिलो. काही ठरवलं आहेस का, तेही विचारलं. त्याला सांगूनच त्याच्या मोठ्या भावाला उठवलं. त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही. सकाळी दोघांनी मिळून टेलि-मानसला, १४४१६ला, फोन केला. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं. पुढे डॉक्टर, औषधं. आज तो कामावर आहे. नाव न घेता लिही, असं त्यानेच सांगितलं.

आमच्या मुलांत ‘याला रत्नागिरीला न्यायला पाहिजे’ ही चेष्टा चालते, तिथल्या मनोरुग्णालयामुळे. ही चेष्टा ऐकलेला मुलगा डॉक्टरकडे जाईल कसा? पोलिसांच्या भीतीनेही घरचे गप्प बसतात. पण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आहे, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे.

अर्थात सगळं मित्रांवर सोडूनही चालणार नाही. जळगावच्या डॉ. पायल तडवी, आदिवासी मुस्लिम मुलगी, २२ मे २०१९ रोजी मुंबईत गेल्या. जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे, प्रकरण न्यायालयात गेलं. त्यांनी आपला त्रास घरी सांगितला होता. जिथे त्रास बाहेरचा आहे, तिथे ऐकून घेण्याबरोबर तो थांबवायलाही कुणीतरी उभं राहावं लागतं.

जुम्यानंतर मय्यतीचं एलान होतं, चंद्याचं होतं. १४४१६चं एकदा करा, असं मी गावी गेलो तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या जबाबदारांना म्हणालो. “बघू,” म्हणाले. ईदला जाणार आहे, तेव्हा पुन्हा विचारीन.