वळसंगचा विद्यार्थी आणि मानवशास्त्र

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वळसंगसारख्या गावात एखादी मुलगी बी.ए. झाली आणि पुढे मानवशास्त्रात एम.ए. करण्याचा मनोदय तिने घरी बोलून दाखवला, तर वडील पहिला प्रश्न कोणता विचारतील, हे सांगायला ज्योतिषी नको. ‘त्याने नोकरी मिळते काय?’ हा प्रश्न कोत्या मनाचा म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण कोरडवाहू ज्वारीवर ज्यांचे वर्ष उभे राहते, त्यांनी तो विचारू नये तर कोणी विचारावा? प्रश्न रास्तच आहे. खेदाची गोष्ट एवढीच की, त्याचे समाधानकारक उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांची आहे, ती विद्यापीठे आणि ते शासन या बाबतीत मौन पाळून बसले आहेत.

वास्तविक या विषयासाठी वळसंगइतकी समृद्ध जागा शोधून सापडणे कठीण. या पट्ट्यात मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर बोलल्या जातात, आणि सोलापूर शहरात विणकरांची तेलुगू त्यांत मिसळते. कानडीत ‘अत्ते’ म्हणजे वडिलांची बहीण, आणि सासूही. ‘माव’ म्हणजे मामा, आणि सासराही. तेलुगूतही प्रकार तोच. मामाच्या वा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत जिथे जुनी, तिथे नात्यांना वेगळी नावे हवीत कशाला? उत्तर हिंदुस्थानात हीच सोयरीक निषिद्ध मानली जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे. मामाची मुलगी त्याला अनेक जातींत चालते, परंतु दक्षिणेत रूढ असलेला मामा-भाचीचा विवाह सर्वसाधारणपणे चालत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारताचे जे आप्तसंबंधीय विभाग पाडले, त्यांतील एक सीमारेषा दक्षिण सोलापूरच्या आसपासच रेंगाळते. वळसंगच्या मुलीला ती नकाशावर पाहावी लागत नाही. तिच्या चुलत्यांच्या लग्नपत्रिकांतच ती सापडेल.

या शास्त्राचा पूर्वेतिहास मात्र फारसा निर्मळ नाही, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इंग्रजी अमलात माणसांची नाके-डोकी मोजून जातींची प्रतवारी लावण्याचा उद्योग याच शास्त्राच्या नावाने चालला. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ साली झाला. त्या कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवलेली वसाहत स्थानिक भाषेत आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखली जाते. तेथील लोक ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ‘विमुक्त’ झाले. नाव पुसायला कायदा पुरेसा पडला नाही. तरीही हे शास्त्र स्वतःची चूक दाखवण्याचे साधनही हाती देते. बर्लिनमध्ये संशोधन करताना इरावतीबाईंनी कवट्यांच्या मापांवरून वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा काढण्यास नकार दिला, आणि मापांतून जे दिसले तेच लिहिले. त्यांचे मार्गदर्शक होते वंशवादाचे पुरस्कर्ते ऑयगेन फिशर, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रामाणिकपणाची किंमत कळते.

दुसरे उदाहरण वळसंगला अधिक जवळचे आहे. या गावची विहीर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीच्या आठवणीशी जोडलेली आहे. त्याच बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना, भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला तो प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. जातीचे मर्म जातीतल्या जातीत विवाह करण्यात आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही ती चौकट टिकवण्याची साधने आहेत, हे त्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने तिथे मांडले. ज्यांच्याविषयी इतरांनी ग्रंथ लिहावेत अशी रूढी होती, त्यांच्यातलाच एक जण उठून शास्त्राच्या भाषेत बोलू लागला. वळसंगच्या वडिलांना हे सांगण्यासारखे आहे.

नोकरीचा मुद्दा याने मिटत नाही, हे खरे. पण शासनाला या ज्ञानाची गरज नाही असे म्हणावे, तर शासनाचाच कारभार उलटी साक्ष देतो. जातीच्या दाखल्यांची पडताळणी कशी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या एका निकालात ठरवून दिले. तेव्हापासून अनुसूचित जमातीच्या दाव्यांत कुलदैवत कोणते, लग्न कसे लागते, मृताला पुरतात की जाळतात, अशी विचारपूस दक्षता पथके करत आली आहेत. हे प्रश्न मानवशास्त्राचे आहेत. ज्या मुलाचे आजोबाच गाव सोडून गिरणीत लागले, त्याला जुन्या चालीरीती ठाऊक नसल्या तर तो खोटा ठरतो काय? मार्च २०२३ मध्ये न्यायालयालाच सांगावे लागले की, चालीरीतींच्या या चाचणीवर दाव्याचा सारा निकाल अवलंबून ठेवता येणार नाही. चालीरीती बदलतात, हा तर या शास्त्राचा पहिला धडा! तो न शिकलेल्या हातांत हे प्रश्न दिल्यावर दुसरे काय व्हायचे? केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. एकाच जातीची दहा नावे आणि एकाच नावाच्या चार जाती जिथे आहेत, तिथे त्या नोंदींचा उलगडा कोण करणार, याचाही विचार व्हायला हवा.

सध्या या विषयाकडे जी गर्दी वळते ती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी. पाचशे गुणांचा वैकल्पिक विषय, तोही तुलनेने आटोपशीर, म्हणून त्याच्या टिपणवह्या विकल्या जातात. त्यात गैर काही नाही. परंतु टिपणे पाठ करून क्षेत्रकार्य होत नसते. ज्याला तो रीतसर शिकायचा आहे, त्याने वळसंगहून पुण्याची वाट धरावी, खोलीचे भाडे भरावे आणि बहुतांश इंग्रजी ग्रंथांशी झुंजावे, अशी आजची स्थिती आहे. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूरच्या विद्यापीठाने हा विषय आपलासा केला, पदव्युत्तर पातळीवर मराठीत नीट पाठ्यग्रंथ लिहून घेतले, आणि पडताळणी समित्यांवरील संशोधन अधिकाऱ्यांच्या जागांसाठी या पदवीला शासनाने प्राधान्य दिले, तर वडिलांच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर मिळेल.

आपल्याच गावाचा अभ्यास करणे वाटते तितके सोपे नाही, याची जाणीव मात्र विद्यार्थ्यांना आधीच दिलेली बरी. रोजचे असते ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय एका आळीच्या मुलीला दुसऱ्या आळीत ओसरीपर्यंतच प्रवेश मिळतो. परंतु इरावतीबाईंनीही मुंबईत एम.ए.चा प्रबंध लिहिला तो स्वतःच्या चित्पावन जातीवरच. वळसंगच्या मुलीने आपल्या गल्लीपासून आरंभ केला, तर तिला दुभाषा लागणार नाही, आणि आत्याला सासू म्हणताना घरात नेमके काय बदलते, हे विचारायला घरचीच माणसे असतील.