सगळे प्रश्न तिलाच का?

डोंबिवली पूर्वेच्या एका चाळीत आमच्या गटाची दर महिन्याला बैठक असते. गेल्या पावसाळ्यातली बैठक संपली, सगळ्याजणी गेल्या, तरी एक मैत्रीण मागे रेंगाळली. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून तिने माझ्या हातात दिला. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. ई-कोलाय नावाचा जंतू सापडला होता आणि खाली औषधांची लांबलचक यादी. बहुतेक नावांसमोर एकच अक्षर होतं, ‘आर’. म्हणजे रेझिस्टंट. या औषधाला हा जंतू दाद देत नाही.

ही मैत्रीण पोळीभाजी केंद्रात काम करते. आपल्या डोंबिवलीत अशी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. संध्याकाळी लोकलमधून उतरणाऱ्या कितीतरी नोकरदार बायांच्या घरचं जेवण तिथूनच जातं. सकाळी सातपासून ती शेगडीपुढे उभी असते. केंद्राला संडास नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते. वर्षभरात तिला चारदा उन्हाळी लागली. तीनदा तिने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि जळजळ थांबल्यावर उरलेल्या ठेवून दिल्या. चौथ्यांदा थंडी वाजून ताप आला, तेव्हा दवाखाना गाठला. तिथे तिला विचारलं गेलं, स्वच्छता ठेवता का? गोळ्या पुऱ्या का घेतल्या नाहीत? घरी नवऱ्याने आणखी एक प्रश्न विचारला. तो इथे लिहायला नको, आपल्याला सगळ्यांना तो ठाऊक आहे.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत, हे आपण बैठकांतून सांगतोच. तेव्हा दवाखान्यातले प्रश्न चुकीचे होते असं मी म्हणत नाही. मला राग आला तो सगळे प्रश्न तिच्यापाशीच सुरू झाले आणि तिच्यापाशीच संपले, याचा.

औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात तरी कुठे? प्रतिजैविक वापरलं की कमजोर जंतू मरतात, तगडे उरतात आणि वाढतात. आपली ही ताकद ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. माणसांच्या दवाखान्यात हे घडतं, तसंच कोंबड्यांच्या शेडमध्ये आणि जनावरांच्या गोठ्यातही घडतं. शेडमध्ये हजारो कोंबड्या दाटीने वाढवल्या जातात. त्या आजारी नसतानाही, रोग येऊ नये आणि वजन लवकर भरावं म्हणून खाद्यातून-पाण्यातून थोडं थोडं प्रतिजैविक देण्याची पद्धत पडली. एवढ्या मात्रेने सगळे जंतू मरत नाहीत, फक्त तगडे निवडले जातात. मग ते मांसाबरोबर बाजारात येतात, विष्ठेबरोबर शेतात आणि पाण्यात जातात.

कोलिस्टिन या औषधाचं उदाहरण बघा. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कार्बापेनेम या अत्यंत प्रभावी गटातल्या औषधांना दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ नमुन्यांमध्ये त्यांना एनडीएम-१ सापडलं. असे जंतू असलेल्या रुग्णासाठी जी मोजकी औषधं हाती उरतात, त्यांत कोलिस्टिन हे एक. आणि हेच औषध आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात घातलं जात होतं! कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते, हे २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरं, मांस आणि माणसं तपासून दाखवून दिलं. आपल्या केंद्र सरकारने जनावरं, कोंबड्या आणि मत्स्यशेतीसाठी त्यावर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये.

माझ्या मैत्रिणीचा जंतू कोंबडीतून आला, असा माझा दावा नाही. पण हा रस्ता काल्पनिकही नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रुग्णांचे आणि तिथल्या दुकानांतल्या मांसाचे जंतू ताडून पाहिले गेले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ई-कोलायमुळे होणाऱ्या लघवीच्या संसर्गांपैकी जवळपास पाचातला एक मांसातल्या जंतूंशी जोडलेला निघाला. गरीब वस्त्यांत हा धोका अधिक दिसला. लघवीचा संसर्ग बायांनाच जास्त होतो. मूत्रमार्ग आखूड असतो हे एक कारण, आणि दिवसभर लघवी दाबून ठेवावी लागते हे दुसरं. पहिलं निसर्गाने दिलं, दुसरं समाजाने. २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली ती यासाठीच.

आता दुधाकडे येऊ. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ७७ मध्ये प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त होता. आकडा मोठा नाही, दूध बंद करण्याचं काहीच कारण नाही. पण दूध उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश सगळा जात नाही. तो रोखायचा तर गोठ्यातच. म्हशीच्या कासेला दगडी झाली की इंजेक्शन दिलं जातं. त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध विकू नये असा नियम आहे. गावाकडे शेण काढणं, वैरण, धार हे बहुतेक बाईच्याच अंगावर असतं. दूध संस्थेचं सभासदत्व मात्र बऱ्याचदा नवऱ्याच्या नावावर. एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईने चार दिवसांचं दूध ओतून द्यायचं, तर त्या चार दिवसांचा बाजार कोण भरणार? हे न विचारता तिला भेसळवाली ठरवणं सोपं आहे.

मग उरतो स्वयंपाकघराचा ओटा. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू उडतात. त्याची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा, मांस पूर्ण शिजवा. या सूचना बरोबर आहेत आणि आपण त्या पाळायलाच हव्यात. पण शेडमालक, खाद्य विकणारा, औषध कंपनी, सरकारी खातं यांच्या हातून निसटलेलं सगळं शेवटी ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईने निस्तरायचं, आणि नाही जमलं तर दोषही तिचाच, हे मान्य करू नका.

कायदे आहेत. अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची दुकानदाराने वेगळी नोंद ठेवावी, असा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. तरी माझ्या मैत्रिणीला तीन वेळा चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळाल्याच. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतःचा आराखडा केला आणि २०२४ मध्ये औषध दुकानांवर धाडी घातल्या. तिथे जमतं, तर इथे का नाही?

म्हणून गटांनी या मागण्या लावून धराव्यात असं मला वाटतं. अन्न व औषध प्रशासनाने ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या बाजारातलं चिकन, अंडी, दूध नियमित तपासून निकाल मराठीतून जाहीर करावेत. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय जनावरांसाठी प्रतिजैविकं विकली जाऊ नयेत. औषधामुळे ओतून द्याव्या लागणाऱ्या दुधाची भरपाई मिळावी, आणि ती जनावर सांभाळणाऱ्या बाईच्या हातात मिळावी. पालिकेच्या दवाखान्यात लघवीची कल्चर तपासणी मोफत व्हावी. आणि जिथे बाया काम करतात, तिथे संडास हवाच.

माझ्या मैत्रिणीला सात दिवस सुया घ्याव्या लागल्या. सात दिवसांची मजुरी बुडाली. पुढच्या बैठकीत तो कागद तिने स्वतःच सगळ्यांपुढे उघडला. आधी कोणी बोलेना. मग कोपऱ्यातली एकजण म्हणाली, “मलाही सारखी उन्हाळी लागते.” मग दुसरी बोलली, मग तिसरी. त्या दिवशी बैठक दिवेलागणीपर्यंत चालली.