शब्द कुणाच्या बापाचा?

१९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी जुन्या सातारा जिल्ह्यात इंग्रजाच्या नाकावर टिच्चून आपलं सरकार उभं केलं. नाव ठेवलं प्रतिसरकार. वाळवा-तासगावच्या जिभेवर त्याचं झालं 'पत्री सरकार'. फितुराच्या तळपायाला पत्र्या ठोकतात अशी बोलवा उठली आणि नुसतं पत्री म्हटलं की गावगुंडाची फाटायची. हा अर्थ कुठल्या पंडितानं दिला नव्हता.

दोस्तांनो, आपल्या शब्दाचंही तसंच हाय. १८३१ च्या मोल्सवर्थच्या कोशात 'दलित' म्हणजे दळलेलं, तुकडे झालेलं. त्यात माणूस आपण घातला. 'हरिजन' वरून आला. १९३३ ला गांधींनी त्या नावाचं साप्ताहिक काढलं, देशभरच्या भाषांत तो शब्द पोचला. तरी १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड तो नको म्हणून सभात्याग करून गेले. फुकटचं देवपण कुणाला पायजे होतं?

'दलित' मात्र आपण वाढवला. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात वाटेगावच्या अण्णाभाऊंनी दलित आणि कामगार एका दमात घेतले. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यानं अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, बाया, सगळे आत घेतले. मिरजेपलीकडं कन्नड मुलखात दलित संघर्ष समिती उभी राहिली. तमिळमध्ये पँथरचा 'चिरुत्तै' झाला, पण दलित तिथंही दलितच. हिंदीत गेला, इंग्रजीत गेला.

आणि घरात काय झालं? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर 'दलित वस्ती' म्हणजे गटार, पेव्हर ब्लॉक आणि ठेकेदाराचं बिल. झाला शब्द एवढासा! ऑगस्ट २०१८ ला केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्यानं वाहिन्यांना कळवलं, दलित म्हणू नका, अनुसूचित जाती म्हणा. का, ते उघड हाय. दलित म्हटलं की दळणारा कोण, हा सवाल पाठोपाठ येतो. अनुसूचित म्हटलं की नुसती यादी.

आपल्यातलीच काही पोरं म्हणतात, आपण बौद्ध झालो, आता हा शब्द कशाला? अरे, बौद्ध मी झालोच. पण जातं थांबलंय का?

माझ्या पाळीत रिंग खात्यात मराठा हाय, धनगर हाय, मुसलमान बाई हाय. सगळी कंत्राटी. आठ तास उभं राहून पाय सुजतात, कापसाची फुकणी छातीत जाते. त्यांना दलित म्हटलं तर मारायला उठतील. त्यांच्या कानापर्यंत शब्द पोचला तो जात होऊनच. जाहीरनाम्यातला अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नाही, तुम्ही नाही, मी बी नाही. आता ते पान घेऊन या. तिसरी पाळी रात्री साडेअकराला लागते. त्याआधी अर्धा तास आम्ही गेटवरच्या चहाच्या टपरीवर असतो.