दुसऱ्याची सेन्सी, आपलं टेबल

कॉम्प्युटरवर काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट खेळणारी नववी-दहावीची मुलं मला अधूनमधून विचारतात, "सर, सेन्सी किती ठेवू?" सेन्सी म्हणजे सेन्सिटिव्हिटी. हातातला माऊस सरकवला की पडद्यावरचा नेम किती फिरतो, त्याचं प्रमाण. बहुतेकांनी एखाद्या नामवंत खेळाडूचा आकडा आधीच उचललेला असतो. माझं मत असं की उसना आकडा कामाचा नाही. सेन्सी आपल्या टेबलावर पट्टीने मोजून ठरवावी.

हिशेब करून पाहा. माऊसचा डीपीआय म्हणजे तो एक इंच सरकल्यावर किती बिंदू मोजतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सी १ असताना एका बिंदूमागे नेम ०.०२२ अंश फिरतो. खेळाडूचा डीपीआय ४०० आणि सेन्सी २ असेल, तर इंचामागे १७.६ अंश झाले. पूर्ण ३६० अंशांच्या गिरकीसाठी त्याला माऊस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. आपल्या मुलाने तोच २ घेतला, पण त्याचा माऊस १६०० डीपीआयवर आहे. त्याची गिरकी १३ सेंटिमीटरमध्येच संपते. आकडा तोच, वेग चौपट! व्हॅलोरंटमध्ये तर मापच वेगळं आहे, एका बिंदूमागे ०.०७ अंश. काउंटर-स्ट्राइकची सेन्सी तिथे न्यायची तर डीपीआय तोच ठेवून तिला ३.१८ ने भागावं लागतं.

उर्दू खुशखत शिकलेल्यांना यात नवल वाटू नये. खुशनवीसीत अक्षराचं माप इंचात नसतं, नुक्त्यात असतं. आपल्याच कलमाने नुक्ता द्यायचा आणि नस्तालीकचा अलिफ तसे तीन नुक्ते उंच काढायचा. कलम रुंद असेल तर नुक्ता मोठा, म्हणून अलिफही मोठा. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लाने अक्षरं अशी नुक्त्याच्या प्रमाणात बांधली. उस्तादाचा अलिफ पट्टीने मोजून आपल्या बारीक कलमाने तेवढाच उंच काढला, तर तो काडीसारखा दिसेल. मुलं सेन्सीचं हेच करतात. आकडा घेतात, नुक्ता विसरतात.

मग ठरवायचं कसं? आधी कीबोर्डशेजारी मोकळी जागा किती, ते मोजा. माऊस न उचलता निदान मागे वळता आलं पाहिजे, म्हणजे अर्धी गिरकी त्या जागेत बसली पाहिजे. जागा २० सेंटिमीटर असेल तर पूर्ण गिरकी ४० च्या आत हवी. काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० डीपीआयला ती सेन्सी साधारण १.३ येते. तिथून सुरुवात करा. नेम शत्रूच्या पुढे निघून जात असेल तर सेन्सी थोडी उतरवा, अलीकडे अडकत असेल तर थोडी चढवा. हात फक्त मनगटातून हलवू नका, लांबच्या वळणाला कोपरही वापरा. विंडोजमधली 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही सोय बंद करा. ती चालू असली की हाताच्या वेगाप्रमाणे पॉइंटरची चाल बदलते, आणि सगळेच गेम तिला बाजूला ठेवत नाहीत.

एकदा आकडा बसला की दोन-तीन आठवडे त्याला हात लावायचा नाही. हरल्यावर दर वेळी सेन्सी बदलणारा पोरगा दर धड्याला कलम बदलणाऱ्यासारखा असतो. त्याच्या हाताला मश्कच मिळत नाही.

मास्तरने गेमवर कशाला लिहावं, असं काहींना वाटेल. पण पैसे आईबापांचे जातात. नेम लागत नाही म्हणून मुलगा महागड्या माऊससाठी हट्ट धरतो. खोक्यावर १६००० डीपीआय छापलेलं असतं आणि घरच्यांना ते सोळा हजार गुण वाटतात. ती फक्त कमाल मर्यादा आहे. नेमबाजीत नाव कमावलेले बहुतेक खेळाडू ४०० किंवा ८०० वर खेळतात, आणि तेवढं साधा माऊसही देतो.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे की पुढचा हट्ट आला तर रागावू नका आणि लगेच खिशातही हात घालू नका. त्याच्या हातात पट्टी द्या आणि विचारा, "तुझी एक गिरकी किती सेंटिमीटरची?" उत्तर देता आलं नाही, तर अडचण माऊसमध्ये नाही, एवढं त्यालाही कळेल.